एका पाटीवरचा संगणक आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हास केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हास पडला नाही. वसतिगृहाच्या मागच्या खोलीत गेले वर्षभर दर रविवारी जे काही चालले आहे, त्याविषयी आपल्यापैकी अनेकांच्या मनात कुतूहल आहे आणि काहींच्या मनात रागही आहे. "पोरांच्या हातातला मोबाइल सोडविता सोडविता आमचा जीव मेटाकुटीस येतो, आणि मंडळ निधीतून पैसे घालून त्यांना खेळच शिकविते," असे एका पालकांनी गेल्या सभेत उघड बोलून दाखविले. त्यांचे बोलणे आम्हास लागले, परंतु ते अगदीच अनाठायी होते असेही आम्ही म्हणणार नाही. शिक्षणनिधीचे व्याज या कामासाठी चालू ठेवावे की शिकवणीच्या फीसाठी द्यावे, हा ठराव आज दुपारी आपल्यापुढे यावयाचा आहे. मत देण्यापूर्वी त्या खोलीतील गोष्ट आपण ऐकून घ्यावी, एवढीच प्रार्थना आहे.

आरंभ आमच्या चुकीपासून करणे योग्य होईल. दोन वर्षांपूर्वी आपण मुलांसाठी संगणकावर खेळ तयार करण्याचा एक वर्ग एका व्यावसायिक संस्थेमार्फत सुरू केला होता. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. फी भरली, मुलांना सॉफ्टवेअर मिळाले, चित्रे हलू लागली, आणि आम्ही अहवालात मोठ्या अभिमानाने चार ओळी लिहिल्या. मार्चअखेर वर्गणीची मुदत संपली. एप्रिलमध्ये मुले पुन्हा बसली तेव्हा सॉफ्टवेअर उघडेना. नवी वर्गणी भरा म्हणजे उघडेल, असे उत्तर आले. आणि ती वर्गणी दीडपट झाली होती. नववीतील एका मुलीने चार महिने खपून एक खेळ रचला होता. तो त्या सॉफ्टवेअरच्याच स्वरूपात साठविलेला असल्यामुळे दुसऱ्या कशातही उघडता आला नाही. तिने आम्हास विचारले, "काका, मी केलेले माझे नाही का?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आपण सुताराची ज्ञाति. आपल्यापैकी बहुतेकांनी रंधा सोडून कचेरीतील खुर्ची धरली त्याला दोन पिढ्या झाल्या, तरी हत्यारासंबंधीची आपली समज अजून मेलेली नाही. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट ही ज्याची त्याची असतात. धार ज्याने त्याने लावावयाची असते. रंध्याचे पाते बाजारातून आणावे, परंतु त्याचे लाकूड आपल्या हाताला बसेल असे आपणच घडवावे, ही जुनी रीत. दर वर्षाअखेर दुकानदाराने येऊन रंधा पेटीत कुलूपबंद करावा आणि त्या रंध्याने केलेला दरवाजाही उघडू नये, असा सौदा आपल्या आजोबांनी क्षणभर तरी मान्य केला असता काय? आम्ही मात्र तो सही करून मान्य केला होता.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि त्यावरून पुष्कळ घोटाळे होतात. मराठीची स्थिती बरी आहे. आपल्याकडे मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे. उदाहरण द्यावयाचे तर २०१३ साली 'माइनक्राफ्ट' या विख्यात खेळाची एक आवृत्ती या लहान संगणकांसाठी मोफत दिली गेली. मुलांना ती फार आवडली, पण तिचा अंतर्भाग बंद होता. पुढे कर्त्यांनी तिच्यावरील काम थांबविले आणि ती होती तेथेच राहिली. मुक्त साधनाची गोष्ट निराळी. त्याचा मूळ मजकूर वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि कर्त्याने सोडून दिले तरी दुसरा कोणी ते पुढे चालवू शकतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ मध्ये 'ग्नू' हा प्रकल्प याच हट्टाने जाहीर केला. त्यातून १९८७ मध्ये निघालेले जीसीसी हे साधन माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविते, आणि ते स्वतःचीच नवी आवृत्ती स्वतःच्या साहाय्याने तयार करते. रंध्याने नवा रंधा घडवावा तसाच हा प्रकार होय. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. १९९३ पासून डेबियन या नावाखाली जगभरचे स्वयंसेवक ही सारी हत्यारे एकत्र बांधून वाटत आले आहेत.

आता पाटीकडे वळू. आमच्या खोलीत ज्या पाच पाट्या आहेत, त्यांना रास्पबेरी पाय म्हणतात. नोटांच्या पाकिटात मावेल एवढी हिरवी पाटी, आणि तिच्यावरच गणन करणारी चिप, स्मृती व जोडण्यांची सारी तोंडे. डबा नाही, पंखा नाही, पडदा नाही. हिचा जन्म इंग्लंडातील केंब्रिजचा आहे आणि तो खेळांशी निगडित आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

१९८१ च्या डिसेंबरात बीबीसीने लोकांना संगणक शिकविण्याच्या मोहिमेसाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून एक यंत्र करवून घेतले. ते चालू केले की थेट प्रोग्राम लिहिण्याची जागा समोर येई. दुसरे काही करावयाचेच तर आधी आज्ञा टंकावी लागे. त्या काळची इंग्लिश मुले त्यावर खेळ खेळता खेळता लिहू लागली. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा अंतराळ-व्यापाराचा खेळ त्याच यंत्रासाठी रचला. त्या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, आणि तीत त्यांनी आठ दीर्घिका व प्रत्येकीत २५६ तारे बसविले. प्रत्येक ताऱ्याची माहिती साठवून न ठेवता गणिताने जागच्या जागी निर्माण करावयाची, ही युक्ती. आज आपल्या खिशातील मोबाइलने काढलेले एक छायाचित्र त्या यंत्राच्या स्मृतीच्या शंभरपट जागा सहज खाते. त्याच एकॉर्नच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली एआरएम ही चिप १९८५ मध्ये प्रथम चालली. आज मोबाइलमध्ये आणि आमच्या पाट्यांवरही तिचीच संतती आहे.

पुढे घराघरांत तयार, बंद डब्यांचे संगणक आले. ते वापरावयास सोपे होते, पण त्यांत डोकावण्याची सोय राहिली नाही. २००६ च्या सुमारास केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात संगणकशास्त्र शिकविणारे एबेन अप्टन यांच्या ध्यानात आले की, प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांची संख्या घटते आहे आणि येतात त्यांनी पूर्वीसारखी स्वतः खटपट केलेली नसते. मुलाने बिघडविले तरी घरच्यांना फारसे हळहळू नये, अशा किमतीचे यंत्र असावे, या विचाराने त्यांनी व सहकाऱ्यांनी एक धर्मादाय संस्था काढली. 'एलिट'चे कर्ते ब्रेबेन हे त्या संस्थापकांपैकी एक. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिली पाटी ३५ डॉलरला विक्रीस आली आणि त्या सकाळी विक्रेत्यांची संकेतस्थळे गर्दीने कोलमडली. आपल्याकडे कर व विक्रेत्याचा नफा धरून ती महाग पडते, शिवाय चार्जर, मेमरी कार्ड व वायर निराळी. हे आम्ही लपवीत नाही. तसेच या पाटीला जागे करणारा आरंभीचा थोडा प्रोग्राम अजून बंदिस्तच आहे, हेही सांगितले पाहिजे. सारेच मुक्त असा दावा आम्ही करणार नाही.

हत्यारे कशी मांडली ते आता सांगतो, कारण काही घरांतून तशी विचारणा झाली आहे.

प्रथम दुसऱ्या कोणत्याही संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्राम उतरवून घ्यावा. पाटी कोणती, त्यावर प्रणाली कोणती आणि कार्ड कोणते, हे तो विचारतो. त्याच वेळी वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द ठरवून टाकावा. जुन्या पुस्तकांत सर्वांसाठी एकच ठरलेले नाव व शब्द दिलेले आढळतात, ती सोय एप्रिल २०२२ पासून सुरक्षिततेसाठी काढून टाकलेली आहे, आणि आमची एक अख्खी सकाळ त्या पुस्तकावर विश्वास ठेवण्यात गेली. कार्ड पाटीत घातले, टीव्ही व कीबोर्ड जोडला, वीज दिली की डेबियनवर बांधलेली रास्पबेरी पाय ओएस उभी राहते. तीत थॉनी नावाचे लिहिण्याचे साधन आलेलेच असते. ते एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झाले. प्रोग्राम एक एक पायरी चालवून कोणत्या क्षणी कोणत्या नावात कोणती संख्या आहे हे ते दाखविते. मुलांच्या दृष्टीने याहून उपयुक्त गोष्ट आम्ही पाहिली नाही.

भाषा आम्ही पायथन घेतली. खेळासाठी तिच्या जोडीला पायगेम हा संच लागतो. तो २००० सालापासून चालत आला आहे. चित्र हलविणे, आवाज काढणे, कळ दाबल्याचे ओळखणे ही हमाली तो करतो. तो बसवावयाचा तर टर्मिनलमध्ये दोन आज्ञा पुरतात: आधी 'एपीटी अपडेट' या आज्ञेने साधनांची यादी ताजी करावी, मग 'एपीटी इन्स्टॉल' असे लिहून त्यापुढे संचाचे नाव द्यावे. दोन्हींच्या आधी 'सुडो' हा शब्द हवा. त्याचा अर्थ, हे काम घरच्या कर्त्याच्या अधिकाराने करावे. अनेक लेखांतून 'पिप' या दुसऱ्या मार्गाने संच बसविण्यास सांगितलेले असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या आवृत्तीपासून तो मार्ग प्रणालीच्या मुख्य कोठारात थेट शिरू देत नाही आणि लांबलचक नकार देतो. त्या नकाराला घाबरू नये. एक तर एपीटीने बसवावे, नाही तर आपल्या कामासाठी वेगळा कप्पा करून त्यात बसवावे. त्या कप्प्यास 'व्हेन्व' म्हणतात. एक पाटी अशी सिद्ध झाल्यावर तिच्या कार्डाची नक्कल करण्याचे साधन प्रणालीतच आहे. आम्ही एकदाच सारे उतरवून घेतले आणि पाच कार्डे त्यावरून केली. वसतिगृहाचे इंटरनेट म्हणजे अधीक्षकांचा फोन, हे ध्यानात घेतले म्हणजे या काटकसरीचे मोल कळेल.

हे ऐकावयास सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिले तीन रविवार फुकट गेले. पहिल्या दिवशी घरातले जुने मोबाइल चार्जर लावले. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे चिन्ह उमटे आणि यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होई. पाटी बिघडलेली आली असे समजून आम्ही विक्रेत्याशी भांडलो. दोष चार्जरचा होता: आमच्या पाट्यांना ५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात, जुना चार्जर एकच देतो, आणि बारीक वायर त्यातलेही खाते. दुसऱ्या रविवारी यादी ताजी होईना. ती म्हणे की मिळालेली यादी भविष्यकाळातील आहे! आमच्याकडील पाटीवर सेलचे घड्याळ नसते, ती तारीख इंटरनेटवरून घेते, आणि आम्ही ती जुळण्याआधीच घाईने आज्ञा दिली होती. तिसऱ्या रविवारी वीज गेली. ही पाटी रीतसर बंद न करता वीज तुटली आणि त्या क्षणी कार्डावर लिहिणे चालू असले तर कार्ड खराब होते. तेथे दोन मुलांचे काम गेले. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या कामाची नक्कल घरी न्यावयाच्या पेनड्राइव्हवर होते आणि सिद्ध कार्डाची एक प्रत कपाटात असते. अर्ध्या तासात पाटी पूर्ववत होते. वर्गणीच्या सॉफ्टवेअरने गेलेले काम आणि विजेने गेलेले काम यांत आम्हास फरक दिसतो तो हा की, दुसऱ्याचा बंदोबस्त आपल्या हाती आहे.

पाट्यांसाठी पेट्या मात्र आपल्या घरच्या झाल्या. सागवानाच्या कापात उरलेल्या तुकड्यांची, कोपरे खाचेत बसविलेली, सुबक पेटी एका विद्यार्थ्याने केली. बंद पेटीत पाटी तापली, आणि ८० अंशांवर गेली की ती स्वतःच मंद चालू लागते. ज्यांना आपण सारे तात्या म्हणतो, ते योगायोगाने तेथे आले होते. त्यांनी पाटीवर हात धरून पाहिला, "हिला श्वास घ्यायला जागा ठेवा रे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पाचही पेट्यांना तळाशी व पाठीशी जाळीच्या चिरा पाडून दिल्या. चिप म्हणजे काय हे त्यांनी विचारले नाही.

ज्या मुलीचे काम गेले होते, ती आता दहावीत आहे. तिने विटीदांडूचा खेळ रचावयास घेतला. पडद्यावर विटीची जागा दोन संख्यांनी ठरते. त्यांतील उभी संख्या वरून खाली मोजतात. खाली जाताना ती वाढते. गणिताच्या वहीतील आलेखाच्या हे उलट, म्हणून पहिली विटी टोला बसताच जमिनीत गेली. सेकंदास ६० वेळा चित्र नव्याने काढावयाचे आणि दर वेळी विटीच्या खालच्या दिशेच्या वेगात थोडी ठरावीक भर घालावयाची. एवढ्याने विटी वर जाते, थबकते आणि वळून पडते. शाळेत पाठ केलेला गुरुत्वत्वरणाचा नियम तिने त्या दिवशी प्रथम वापरला. ती भर कमी केली तर चंद्रावरचा विटीदांडू होतो, हे तिने आपल्या आपण शोधून काढले आणि सबंध खोली तास-दीड तास चंद्रावर खेळत बसली. आम्ही त्यांना थांबविले नाही.

मग नाव लिहावयाची वेळ आली आणि 'विटी'ची पहिली वेलांटी 'व'च्या मागे जाऊन 'टी'ला चिकटली. जोडाक्षरे तर पाय मोडून वेगवेगळी उभी राहिली. देवनागरीत अक्षरे ज्या क्रमाने टंकतो त्याच क्रमाने दिसत नाहीत. त्यांची जुळणी करणारे एक वेगळे मुक्त साधन आहे, हार्फबझ नावाचे, आणि आम्ही बसविलेला संच त्याचा उपयोग करीत नव्हता. इंग्रजीत लिही म्हणजे प्रश्न मिटेल, असे आम्हीच तिला सांगितले. याची आता लाज वाटते. तिने ऐकले नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने काढलेला 'मुक्ता' हा मुक्त परवान्याचा फॉन्ट घेऊन तिने गिम्प या चित्रसाधनात शीर्षक लिहिले, त्याचे चित्र केले, आणि ते चित्र खेळात बसविले. वेलांटी आपल्या जागी आली. सारी धावसंख्याही तशीच दहा अंकांची दहा चित्रे करून मराठीत दाखविली. चंदीगडहून सुट्टीत आलेल्या एका ज्ञातिबांधवाने, ते या व्यवसायातील आहेत, तो प्रोग्राम पाहून एवढेच विचारले की याची एक प्रत मला मिळेल का. तिने ती पेनड्राइव्हवर दिली. देण्यासाठी तिला कोणाची परवानगी लागली नाही.

ज्या पालकांचा आक्षेप आम्ही आरंभी सांगितला, त्यांना आमचे उत्तर अपुरेच आहे. या वर्गातून नोकरी लागेल असे आम्ही म्हणत नाही; मोबाइल सुटेल असेही नाही. एकवीस मुलांनी नाव घातले होते, नियमित येतात नऊ, आणि त्या नवांपैकी दोघे केवळ खेळावयास येतात. शिकवणीच्या फीची निकड आहे अशी घरे आपल्यात आहेत आणि त्यांचा हक्क पहिला आहे. पण हत्यारांना यापुढे वर्गणी नाही. पाट्या विकत घेऊन झाल्या आहेत. पुढील वर्षाचा खर्च म्हणजे दोन चार्जर, काही कार्डे आणि विजेचे बिल, आणि तो आकडा कोषाध्यक्षांनी ठरावासोबत जोडला आहे. ज्यांच्या घरी जुना संगणक पडून असेल त्यांनी तो द्यावा. पायथन, थॉनी, पायगेम ही सारी साधने त्यावरही चालतात, पाटीच हवी असे नाही. जुने टीव्ही मात्र एचडीएमआय तोंडाचेच आणावेत, मागच्या वेळी आलेले तीन तसेच परत न्यावे लागले.

मतदानापूर्वी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी मागची खोली उघडी ठेवली आहे. विटीदांडू तिसऱ्या पाटीवर आहे आणि तो रचणारी मुलगी तेथेच बसली आहे. पाट्या साडेबारापर्यंत चालू राहतील. एकच्या सुमारास आपल्या भागातली वीज जाते, त्याआधी त्या रीतसर बंद करावयाच्या आहेत.